सोटा आणि त्याची कीर्द

बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथे साब्लाँ नावाचा एक जुना भाग आहे. तेथील उतरत्या चौकाभोवती आणि लगतच्या गल्ल्यांमध्ये पुराणवस्तूंच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या आहेत. काचेआड आफ्रिकेतील मुखवटे असतात, प्रशांत महासागरातील बेटांवरच्या ढाली असतात आणि त्यांच्यामध्ये क्वचित एखादी अशी वस्तू असते की जिच्यावरून नवख्याची नजर सहज निसटून जावी. जेमतेम दीड फूट लांबीचा, काळपट तांबूस लाकडाचा एक ठोकळा. दोन्ही टोके रुंद व चौकोनी, मध्यभाग कमरेसारखा आवळलेला, आणि त्या कमरेला सुती दोऱ्याचे घट्ट वेढे. पाहणाऱ्याला ते एखादे जुने वजन वाटावे. प्रत्यक्षात तो दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील गयाना प्रदेशातील मूळ रहिवाशांचा लढाईचा सोटा होय.

या सदराच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. कुटुंब मूळचे सांगलीचे. चिरंजीव अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यापारात आहेत. त्यांनी साब्लाँमध्ये असा एक सोटा पाहिला आणि तो घ्यावा असे त्यांच्या मनात भरले. व्यापाऱ्याने किंमत हजारो युरोंत सांगितली. ‘सादर जयजिनेंद्र’ने आरंभ केलेल्या त्या पत्रात मातोश्रींनी दोन प्रश्न विचारले आहेत. हिंसेचे उपकरण घरात आणावे काय, हा पहिला. आणि हातभर लाकडाची एवढी किंमत ती कशाची, हा दुसरा. व्यापारी घराण्यातील गृहिणीच हे दोन प्रश्न एका श्वासात विचारू शकते. मी दुसरा प्रश्न आधी घेतो; पहिल्याची वाट त्यातूनच जाते.

लाकडापासून सुरुवात करू. गयानातील उत्तम सोटे बहुधा ज्या झाडाच्या गाभ्यापासून केले जात, त्याला सुरीनाममधील डच लोक ‘अक्षर-लाकूड’ म्हणत, कारण त्याच्या तांबूस पोतावर काळे ठिपके आणि वळणे अशी उमटतात की कोणी काही लिहून ठेवल्याचा भास व्हावा. इंग्रज त्यालाच ‘सर्प-लाकूड’ म्हणतात. हे लाकूड पाण्यात टाकले तर बुडते. करवत व पोलादी रंधा हाती नसताना, दगडाच्या हत्याराने आणि पुढे देवघेवीत मिळालेल्या लोखंडी पात्याने, त्याच्यातून नेमक्या कडांचा ठोकळा काढणे हे किती दिवसांचे काम असेल याची कल्पना सुतारकाम जाणणाऱ्यालाच येईल. मुठीवरच्या सुती वेढ्यांना एक फास असे. तो मनगटात अडकवला की सोटा हातून निसटत नसे. टोकांच्या सपाट बाजूंवर बारीक रेघांनी नक्षी कोरलेली असे, कधी भूमितीची, कधी माणसाच्या आकृतीची, आणि कोरीव रेघांत पांढरी माती भरलेली असे.

या सोट्याचे जुने व प्रसिद्ध वर्णन जॉन गॅब्रिएल स्टेडमन याच्या ग्रंथात सापडते. स्टेडमन हा डचांच्या नोकरीतील स्कॉट वंशाचा सैनिकी अधिकारी. मळ्यांतून पळून गेलेल्या आफ्रिकी गुलामांविरुद्धच्या मोहिमेसाठी १७७३ ते १७७७ या काळात तो सुरीनाममध्ये होता. त्याचा ग्रंथ १७९६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील काही चित्रे कवी विल्यम ब्लेक याने कोरली आहेत. स्टेडमनने सोट्याचे स्थानिक नाव ‘आपुतू’ असे दिले आहे, आणि एक विलक्षण गोष्ट नोंदवली आहे. काही सोट्यांच्या टोकात धारदार दगड बसवलेला असे. तो बसवण्याची रीत अशी की, झाड वाढत असतानाच त्याच्या बुंध्यात दगड खोचून ठेवायचा. लाकूड वाढत जाऊन दगडाला असे धरते की मग तो काढू म्हटले तरी निघत नाही. त्यानंतर झाड तोडून सोटा घडवायचा. स्टेडमनने ही रीत स्वतः पाहिली की ऐकली, हे त्याच्या मजकुरावरून ठरवणे अवघड आहे. ऐकीव असली तरी गोष्ट सांगणाऱ्याच्या मनातील काळाचे माप मला महत्त्वाचे वाटते. आज खोचलेला दगड पुढे केव्हा तरी हाती येणार, या हिशेबाने शस्त्र पेरणारा माणूस रागाच्या भरात शस्त्र उचलणारा नव्हे.

पुढे १९०७ पासून ब्रिटिश गयानात राहिलेल्या वॉल्टर रॉथ या वैद्यकशिक्षित अधिकाऱ्याने तेथील लोकांच्या कलाकौशल्यावर एक विस्तृत ग्रंथ लिहिला. तो १९२४ साली वॉशिंग्टनहून प्रसिद्ध झाला आणि सोट्यांचे ठोकळ्याचे, वल्ह्याच्या आकाराचे, चपट्या पात्याचे व कट्यारीसारखे टोकदार असे प्रकार अभ्यासक आजही त्याच्या आधाराने ओळखतात. गयानाची राजधानी जॉर्जटाऊन येथील मानववंशशास्त्राच्या संग्रहालयाला रॉथचेच नाव आहे.

गयानाबाहेर पडले की सोट्याचे रूप बदलते. ब्राझीलच्या अरागुआया नदीकाठचे कराजा लोक लांब, सडसडीत सोटा करतात. त्याच्या अंगावर उभ्या पन्हळी कोरलेल्या असतात आणि मुठीवर काळ्या-पांढऱ्या वेताची अशी सुबक वीण असते की शस्त्रापेक्षा वीणच पाहत राहावी. पेरूच्या डोंगरांत इंका सैनिकांच्या हाती लाकडी दांड्यावर बसवलेले, ताऱ्यासारख्या टोकांचे दगडी वा कांशाचे गोळे असत. शावान्ते लोकांत लहान मुलगे दोन कुळांच्या जोड्या लावून झाडाच्या मुळांचे सोटे घेऊन एकमेकांच्या दंडांवर मारतात; एकाने माघार घेतली की लढत संपते, आणि सारा गाव भोवती उभा राहून पाहतो. हा त्यांचा संस्कार आहे. धैर्य किती आणि थांबायचे कोठे, या दोन्ही गोष्टी मुलाला तेथे एकदम शिकाव्या लागतात.

युरोपच्या नजरेत हे सोटे प्रथम भरले ते ब्राझीलच्या किनाऱ्यावर. हान्स स्टाडेन नावाचा जर्मन तोफची तेथे तुपिनाम्बा लोकांच्या कैदेत सापडला, कित्येक महिन्यांनी सुटला, आणि १५५७ साली त्याने आपली हकीकत छापली. तुपिनाम्बांचा ‘इबिरापेमा’ हा सोटा माणसाच्या उंचीशी स्पर्धा करणारा, टोकाला गोल चपट्या थाळीचा. युद्धकैद्याच्या वधासाठी तो सिद्ध केला जाई. स्टाडेन सांगतो की सोट्याला चिकट रस लावून त्यावर मकुको पक्ष्याच्या अंड्याच्या टरफलांची पूड बसवीत, एक स्त्री त्या पुडीत रेघा ओढून नक्षी काढी, पिसांचे गोंडे बांधीत, आणि मग तो एका रिकाम्या झोपडीत टांगून रात्रभर त्याच्याभोवती गाणी म्हणत. पुढचा प्रकार आपल्या वाचकांना सोसवणारा नाही आणि मी तो सांगतही नाही. आता हा सोटा कोणाच्या भिंतीवर जाऊन पोहोचला ते पाहा.

फ्रेंच लेखक मोंतेन याने १५८० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत एक निबंध या ब्राझीलच्या लोकांवर आहे. त्यात तो सहज सांगून जातो की त्यांचे झोपाळे, दोर, लाकडी तलवारी आणि लढताना मनगटावर बांधायची लाकडी कडी इतरत्र व माझ्याही घरी पाहायला मिळतील. लाकडी तलवार म्हणजे हाच सोटा. दक्षिण अमेरिकेतील सोट्यांच्या खाजगी संग्राहकांत इतक्या जुन्या काळातले व इतके स्पष्ट नाव दुसरे मला आठवत नाही. मोंतेनला आपण तत्त्वचिंतक म्हणून ओळखतो. पण घराणे बोर्दोच्या व्यापाऱ्यांचे होते. पणजोबा मद्य, खारवलेले मासे आणि निळीसारख्या रंगाच्या वनस्पतीचा व्यापार करीत आणि १४७७ साली त्यांनी मोंतेनची जहागीर विकत घेतली. या गृहस्थाने ब्राझीलविषयीची माहिती कोणाकडून घेतली? त्या देशात दहा-बारा वर्षे राहून आलेल्या आपल्याच एका नोकराकडून. तो साधा, अलंकार न लावता सांगणारा माणूस होता म्हणून त्याची साक्ष खरी मानावी, असे मोंतेनने कारणही दिले. माल कोठून आला आणि सांगणारा कोण, हे आधी विचारण्याची सवय व्यापारी रक्तातलीच म्हणायची. आणि त्या वस्तूंकडे पाहता पाहता त्याच्या मनात आले की रानटी कोण, ते की धर्माच्या नावाने जिवंत माणसांचे हाल करणारे आपण? त्या वेळी फ्रान्स यादवी धर्मयुद्धात जळत होता.

मोंतेनच्या घरातील त्या वस्तू पुढे कोठे गेल्या याचा माग राहिलेला नाही, आणि बहुतेक सोट्यांची स्थिती हीच आहे. गयानातील एखादा जुना सोटा घ्या. तो खलाशाने लोखंडी चाकूच्या बदल्यात घेतलेला असेल; पाद्र्याला भेट मिळालेला असेल; किंवा याहून कडू शक्यता अशी की, डच वसाहतवाले किनाऱ्यावरील कॅरिब व अन्य लोकांना लोखंड, कापड, बंदुका देऊन पळालेल्या गुलामांच्या मागावर पाठवीत, त्या मोहिमांत तो वापरलेला असेल. १७६३ साली बर्बिस वसाहतीत गुलामांनी केलेला मोठा उठाव मोडण्यातही मूळ रहिवाशांचे साहाय्य डचांनी घेतले होते. म्हणजे शस्त्र एका पीडित समाजाचे, उगारलेले दुसऱ्या पीडिताविरुद्ध, आणि लाभ तिसऱ्याचा. सोट्यासोबत चिठ्ठी असती तर यातले काय खरे ते कळले असते. चिठ्ठी नसली तर काचेआडचा सोटा नुसता सुंदर दिसतो.

आता किमतीचा प्रश्न सुटतो. एकाच झाडाचे, एकाच आकाराचे दोन सोटे शेजारी ठेवले, आणि एकावर जुन्या शाईने लिहिलेली चिठ्ठी असली, तीत गाव, साल आणि आणणाऱ्याचे नाव असले, तर त्याचा भाव दुसऱ्यापेक्षा फार वर जातो. लंडनमध्ये विल्यम ओल्डमन (१८७९–१९४९) नावाचा एक दलाल होऊन गेला. खेड्यापाड्यांतील जुने वाडे आणि बंद पडणारी छोटी संग्रहालये धुंडाळून तो असल्या वस्तू घेई व विकी. तो काही विद्वान नव्हता. पण हाती आलेल्या वस्तूवर तो क्रमांक घाली, सचित्र यादी छापी. त्याच्या हातचा क्रमांक असलेली वस्तू आज बाजारात आली की जाणकारांचे चेहरे उजळतात, कारण निदान तेवढ्या टप्प्यापर्यंत माग लागतो. दुकानदाराच्या कीर्द-खतावणीने विद्येची अशी सेवा करावी, हे आपल्या वाचकांना खास सांगण्याजोगे आहे.

याउलट ज्यांनी विद्येच्या नावानेच गोळा केले त्यांचे पाहा. जनरल पिट-रिव्हर्स यांनी लष्करात बंदुकांच्या सुधारणेचे काम करता करता शस्त्रे जमवायला सुरुवात केली. साध्या काठीपासून सोटा, सोट्यापासून भाला, ढाल, असा आकारांचा क्रमविकास त्यांना दाखवायचा होता. १८८४ साली वीस हजारांहून अधिक वस्तू त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिल्या आणि त्यातून त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले. तेथे गयानातील वस्तू फिजीतील वस्तूशेजारी येते, कारण आकार जुळतो. मांडणी पाहताना बुद्धीला आनंद होतो हे मी नाकारीत नाही. पण हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर सगळ्या आसामींची खाती मोडून रकमांच्या आकड्यांप्रमाणे रांग लावावी, तसे हे झाले. आकडे दिसतात, देणारा-घेणारा दिसत नाही.

दुसऱ्या रीतीचा संग्राहक पाहायचा तर कुर्ट उंकेल याच्याकडे वळावे लागते. जर्मनीतील येना गावी १८८३ साली जन्मलेला हा तरुण विशीत ब्राझीलला गेला. ग्वारानी लोकांनी १९०६ साली त्याला आपल्यात सामावून घेऊन निमुएंदाजू हे नाव दिले, आणि पुढे जन्मभर त्याने तेच आडनाव लावले. ब्राझीलमधील बेलेंची, स्वीडनमधील गोथेनबर्गची आणि जर्मनीतील अनेक संग्रहालये यांच्यासाठी त्याने वस्तू जमवल्या. उपजीविकेचा तोच मार्ग होता, म्हणजे तोही एका अर्थी व्यापारच. पण तो ज्यांच्याकडून घेई त्यांच्यात राही, त्यांची भाषा बोले, वस्तूचे त्यांच्या भाषेतील नाव आणि उपयोग लिहून ठेवी. १९४५ साली तिकुना लोकांच्या वस्तीत त्याचा मृत्यू झाला. त्याची कागदपत्रे रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात होती. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री त्या संग्रहालयाला आग लागली. ज्या लोकांचे आजोबा-पणजोबा निमुएंदाजूशी बोलले होते, त्यांच्या कितीतरी शब्दांची व गाण्यांची मूळ टिपणे त्या आगीत गेली. वस्तूही गेल्या. युरोपला पाठवलेल्या वस्तू मात्र वाचल्या, आणि त्यांच्यासोबत गेलेल्या नोंदीही.

मग वस्तू परक्या देशात राहिल्या तेच बरे, असे म्हणावे काय? असे म्हणणारे आहेत. त्यांना मी क्राहो लोकांची गोष्ट सांगेन. मध्य ब्राझीलच्या माळरानातील हा छोटा समाज. १९४० साली गुरेपालक जमीनदारांच्या माणसांनी त्यांच्या गावांवर हल्ले करून अनेकांना ठार केले होते. त्यांची एक कुऱ्हाड साओ पावलो विद्यापीठाच्या संग्रहालयात होती. तिचे दगडी पाते चंद्रकोरीच्या आकाराचे, दांडा आखूड, आणि पाते सुती दोरीने बांधलेले. सोट्याचीच ही बहीण. पण क्राहोंच्या दृष्टीने ती शस्त्र कमी आणि गायकाची सोबतीण अधिक. ती हाती घेऊन गायक रात्रभर गातो. गाणी तीच शिकवते असे ते मानतात. १९८६ साली क्राहोंचे वडीलधारे साओ पावलोला आले आणि ही कुऱ्हाड आमची आहे, ती द्या, असे त्यांनी सांगितले. संग्रहालयाची आरंभी तयारी नव्हती. एकाला दिले तर उद्या सगळेच मागतील, ही भीती कोणत्याही कोठाराच्या रखवालदाराला वाटणारच. चर्चा झाली, वर्तमानपत्रांत गाजली, आणि अखेर त्याच वर्षी कुऱ्हाड गावी परतली. गायकांनी ती पुन्हा हाती घेतली. हे घडू शकले, कारण ती कुऱ्हाड क्राहोंची आहे हे संग्रहालयाच्या दप्तरी लिहिलेले होते. ‘मध्य ब्राझीलमधील दगडी कुऱ्हाड’ एवढेच लिहिले असते, तर मागणाऱ्याने कशाच्या बळावर मागावे?

तुपिनाम्बांचे असेच. सरकारी कागदांत ते नामशेष झालेले होते. २००० साली साओ पावलोच्या एका प्रदर्शनासाठी कोपनहेगनहून त्यांचा लाल पिसांचा झगा आणला गेला, तेव्हा बाहिया प्रांतातील एक वृद्धा पुढे झाली आणि हा आमच्या पूर्वजांचा, असे म्हणाली. २००२ साली ब्राझील सरकारने ओलिवेन्सा येथील तुपिनाम्बांना समाज म्हणून मान्यता दिली. कोपनहेगनच्या दप्तरात १६८९ पासून नोंदलेला तो झगा जुलै २०२४ मध्ये रिओला परत आला. तो पोहोचताना आम्हाला बोलावले नाही, अशी तुपिनाम्बांची तक्रार होती आणि ती रास्त होती. त्याच जुलै महिन्यात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात, साताऱ्यास आली, हे आपल्या स्मरणात आहेच. तेथेही सारा वाद कशावर? ग्रँट डफला ती पेशव्यांच्या प्रधानाने दिली, असे सांगणाऱ्या पेटीवरच्या लेखावर. महाराजांनी वापरलेली हीच, असे खात्रीने म्हणता येत नाही, असे खुद्द ते संग्रहालयच सांगते. चिठ्ठी जेवढे बोलते तेवढेच सांगावे, हा त्यांचा सचोटीपणा मला आवडला.

आता मातोश्रींचा पहिला प्रश्न. आपल्या श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत हिंसेची साधने दुसऱ्याला पुरवणे हा एक आहे. तो दोष साधन पुढे हिंसेकडे जाते म्हणून. दोनशे वर्षांपूर्वी ज्याची मूठ सुटली, तो काचेतला सोटा कोणाच्या हाती चालणार नाही. तेव्हा त्या अंगाने मला अडचण दिसत नाही. ज्यांना दिसते त्यांनी आपल्या गुरुजनांना विचारावे, हे सदर ती जागा नव्हे. मला अडचण दिसते ती अदत्तादानाच्या अंगाने. जे दिलेले नाही ते घेऊ नये, एवढे व्रत आपल्याला लहानपणापासून पाठ असते. हा सोटा मूळ मालकाने दिला होता काय? विकला होता काय? की रिकाम्या झोपडीतून उचलला? चोरीचा माल स्वस्तात घेणे हाही आपल्याकडे अतिचारच गणला आहे. महागात घेतल्याने तो दोष धुऊन निघेल असे मला वाटत नाही.

म्हणून चिरंजीवांना माझे सांगणे असे. व्यापाऱ्याकडे वस्तूचा पूर्ण माग लेखी मागावा. ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ एवढ्याने समाधान मानू नये. हिऱ्याच्या पुडक्यावर कोणी एवढेच लिहिले तर आपण ते उघडूही देणार नाही. जुन्या यादीतील क्रमांक, लिलावाचे पुस्तक, पूर्वीच्या मालकाचे पत्र, यांपैकी काही असावे. मुठीचे दोरे भिंगाखाली पाहावेत. हाताच्या घामाने शतकभर काळवंडलेला दोरा आणि चहात बुडवून जुना केलेला दोरा यांत फरक दिसतो, कारण खऱ्याचा काळेपणा मुठीच्या जागीच गडद असतो. लाकडाच्या कडा तशाच पाहाव्यात. वापराने गोलावलेली कड सर्वत्र सारखी गोलावत नाही. पर्यटकांसाठी केलेले सोटेही बरेच आहेत आणि ते जुने म्हणून खपवले जातात. पिसे लावलेली वस्तू असेल तर दुप्पट सावध व्हावे. लाल मकाऊसारख्या पक्ष्यांच्या पिसांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत, आणि ब्राझीलमध्ये तर १९६७ पासून वन्य प्राण्यांपासूनच्या वस्तूंची विक्री कायद्याने बंद आहे. वस्तू भारतात आणायची तर कस्टमच्या कामकाजातील जाणकाराला आधी विचारावे. आणि ती विमानात हातातल्या पिशवीत नेण्याचा विचार तर नकोच; तपासणी अधिकाऱ्याला सोट्याचा कलात्मक इतिहास समजावून सांगायला तेथे कोणी वेळ देणार नाही.

याहून सोपा आणि मला अधिक रुचणारा मार्गही आहे. कराजा आणि इतर कितीतरी समाज आजही सोटे घडवतात. ब्राझीलच्या राजधानीत जमिनीच्या हक्कासाठी हे लोक जमतात तेव्हा त्यांच्या खांद्यावर ते दिसतात. १९८८ च्या राज्यघटनेत त्यांचे भूमीवरील हक्क लिहिले गेले त्या काळात कायापो पुढारी संसदेच्या दालनांत असेच वावरत होते. बिनपिसांचा, करणाऱ्याच्या हातून वा त्यांच्या सहकारी संस्थेतून रास्त दामाने घेतलेला नवा सोटा दोनशे वर्षांचा नसेल. पण त्याची कीर्द पहिल्या ओळीपासून आपल्या हातची असेल. करणाऱ्याचे नाव, गाव, लाकडाचे त्याच्या भाषेतील नाव, मुठीची वीण कोणी घातली, दिलेली रक्कम, तारीख. हे सगळे एका कार्डावर, फिकी न पडणाऱ्या शाईने लिहावे, एक प्रत वस्तूबरोबर आणि एक घरच्या दप्तरात ठेवावी.

ज्यांच्या घरी अशी जुनी वस्तू आधीच आहे त्यांच्यासाठी थोडे जतनाविषयी. जुन्या संग्रहातील वस्तूंवर पूर्वी कीड लागू नये म्हणून सोमल आणि पाऱ्याची विषे सर्रास लावीत. त्यांचा अंश शतकानंतरही टिकतो. म्हणून जुना सोटा उघड्या हाताने हाताळू नये, मुलांच्या हाती देऊ नये, हातमोजे घालावेत. त्याला तेल पाजू नये आणि पॉलिशही करू नये. रेघांत भरलेली पांढरी माती त्याने कायमची जाते. गाभ्याच्या टणक लाकडाला कीड सहसा लागत नाही, भीती असते ती मुठीच्या सुताला. कीटक मारण्याचा प्रसंगच येऊ नये यासाठी वस्तू कोरड्या, स्वच्छ, झाकणबंद काचपेटीत ठेवावी, पेटीत ऊन थेट येऊ देऊ नये, आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मऊ ब्रशने धूळ झाडून दोरे नीट पाहून घ्यावेत. पाहिल्याची तारीख कार्डाच्या मागे लिहावी.